शेक्सपिअर असं कुठे म्हणाला?

११ मे १६१२. वेस्टमिन्स्टरच्या ‘कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स’मध्ये एका साक्षीदाराची जबानी चालली आहे. भांडण हुंड्याचं आहे. जावई म्हणतो, साठ पौंड कबूल केले होते. सासरा म्हणतो, असं काही ठरलंच नव्हतं. सासरा म्हणजे ख्रिस्तोफर माउंटजॉय, फ्रान्सहून आलेला प्रॉटेस्टंट कारागीर, श्रीमंत स्त्रियांसाठी डोक्यावरचे शोभेचे साज बनवणारा. जावई स्टीफन बेलॉट त्याच्याच हाताखाली काम शिकलेला. लग्न जमवताना मध्यस्थी केली होती माउंटजॉयकडे भाड्यानं राहणाऱ्या एका गृहस्थानं, आणि तोच आता साक्षीला उभा आहे.

गृहस्थ सांगतो, मुलगा चांगला, कष्टाळू होता. मुलीच्या आईनं मला गळ घातली, म्हणून मी त्याची समजूत काढली. हुंडा द्यायचं ठरलं होतं हे खरं. पण किती आणि कधी, ते आठवत नाही.

कारकुनानं जबानी उतरवून घेतली, साक्षीदाराचं वय ‘४८ किंवा त्याच्या आसपास’ असं नोंदवलं आणि त्याची सही घेतली. सही घाईची, अर्धवट आहे. नाव विल्यम शेक्सपिअर.

हा कागद जवळजवळ तीनशे वर्षं सरकारी दप्तरात पडून होता. १९०९मध्ये चार्ल्स विल्यम वॉलेस आणि हल्डा वॉलेस या अमेरिकन दाम्पत्यानं लंडनच्या अभिलेखागारातली गाठोडी सोडता सोडता तो शोधून काढला. ज्या माणसाची वाक्यं पृथ्वीच्या पाठीवर सगळ्यात जास्त उद्धृत होतात, त्याचं स्वतःच्या सहीनिशी नोंदलेलं बोलणं काय, तर ‘आठवत नाही’.

मग ती शेकडो सुवचनं कुणाची? लग्नपत्रिकांवरची, भाषणांच्या सुरुवातीची, वकिलांच्या युक्तिवादातली, शाळेच्या फळ्यावरची? त्यांच्याखाली शेक्सपिअरचं नाव असतं. पण मूळ नाटक उघडून पाहिलं की थक्क व्हायला होतं. तिथे ती वाक्यं बोलणारी माणसं वेगळीच आहेत. कुणी कपटी आहे, कुणी बडबड्या, कुणी खुनी, कुणी प्रेमात आकंठ बुडालेली पोर. आणि वाक्य ज्या क्षणी बोललं जातं, तो क्षण पाहिला तर त्याचा अर्थ कधी तिरका होतो, कधी चक्क उलटा.

कागदावरचा माणूस

आधी माणसाची ओळख करून घेऊ, जेवढी कागदपत्रं करून देतात तेवढी.

इंग्लंडच्या मध्यभागी एव्हन नदीच्या काठी स्ट्रॅटफर्ड हे बाजाराचं गाव आहे. तिथल्या चर्चच्या वहीत २६ एप्रिल १५६४ या तारखेला विल्यमच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. जन्मतारीख कुठेच नाही. २३ एप्रिल ही परंपरेनं मानलेली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात गावात प्लेग शिरला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. तान्हं बाळ वाचलं, हा जगाच्या साहित्यातला केवढा योगायोग म्हणायचा!

वडील जॉन शेक्सपिअर हातमोजे शिवून विकत. गावच्या दप्तरात त्यांचं नाव पहिल्यांदा येतं ते १५५२ साली, हेन्ली स्ट्रीटवर उकिरडा केल्याबद्दल झालेल्या दंडाच्या निमित्तानं. पुढे हेच गृहस्थ गावचे बेलिफ, म्हणजे नगराध्यक्षच, झाले आणि नंतर पुन्हा कर्जात रुतले. प्रतिष्ठा कशी चढते आणि कशी उतरते, हे मुलानं घरातच पाहिलं.

अठराव्या वर्षी विल्यमचं लग्न झालं. अ‍ॅन हॅथवे त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी होती आणि लग्नाच्या वेळी तिला दिवस गेले होते. नोव्हेंबर १५८२मध्ये लग्न, मे १५८३मध्ये सुझॅनाचा जन्म. १५८५मध्ये जुळं झालं, हॅम्नेट आणि ज्युडिथ. त्यानंतरची सात वर्षं जवळजवळ कोरी आहेत. १५९२ साली तो एकदम लंडनमध्ये दिसतो, तोही एका शिवीतून. रॉबर्ट ग्रीन या नाटककाराच्या मृत्यूनंतर छापलेल्या पुस्तिकेत त्याची संभावना परक्या पिसांनी सजलेला उपटसुंभ कावळा अशी केलेली आहे. ग्रीनसारखे नाटककार विद्यापीठात शिकलेले. हा गावाकडून आलेला नट त्यांच्या पंगतीला बसू पाहतो, हे त्यांना खपलं नाही.

पुढची वीस वर्षं मात्र भरगच्च आहेत. दोन दीर्घ काव्यं, १६०९मध्ये छापलेली १५४ सुनीतं आणि सदतीस-अडतीस नाटकं. ऑगस्ट १५९६मध्ये हॅम्नेट अकराव्या वर्षी गेला. १५९७मध्ये शेक्सपिअरनं स्ट्रॅटफर्डमध्ये ‘न्यू प्लेस’ हा मोठा वाडा घेतला. २३ एप्रिल १६१६ रोजी तो वारला. मृत्युपत्रात बायकोला ‘दुसऱ्या क्रमांकाचा चांगला पलंग’ ठेवला, आणि त्या पलंगावरून चाललेला वाद आजही मिटलेला नाही.

पत्रं नाहीत, रोजनिशी नाही, आपल्या नाटकांविषयी लिहिलेला मजकूर नाही. सहा सह्या आहेत, त्यांतल्या तीन मृत्युपत्रावर. सुनीतांमध्ये ‘मी’ बोलतो खरा, पण तो ‘मी’ कवी स्वतःच की आणखी एक पात्र, यावर अभ्यासक अजून भांडतात. हा माणूस बोलला तो दुसऱ्यांच्या तोंडून.

वाक्यं जिथे तयार झाली

ही दुसऱ्यांची तोंडं खरोखरच्या नटांची होती. शेक्सपिअर घरात बसून लिहिणारा लेखक नव्हता. तो नाटक कंपनीचा नट, लेखक आणि भागीदार होता. त्या काळी नाटककाराला एका नाटकाचे साधारण सहा पौंड मिळत आणि त्याचा हक्क तिथेच संपे. शेक्सपिअरला पैसा मिळाला तो मुख्यतः भागीदारीतून.

त्या भागीदारीची गोष्टही नाटकासारखीच आहे. त्याच्या कंपनीचं ‘द थिएटर’ हे नाट्यगृह लंडनच्या उत्तरेला शोरडिच इथे भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभं होतं. मुदत संपली आणि जमीनमालक जाइल्स अ‍ॅलन अडून बसला. अखेर डिसेंबर १५९८च्या शेवटी, नाताळच्या दिवसांत, मालक गावाबाहेर असताना नटमंडळींनी पीटर स्ट्रीट नावाच्या सुताराला आणि त्याच्या माणसांना बरोबर घेतलं आणि नाट्यगृहाचा सांगाडा उतरवला. जमीन तुझी, लाकूड आमचं, हा त्यांचा मुद्दा. ते लाकूड थेम्सच्या दक्षिण काठावर गेलं आणि १५९९मध्ये तिथे ‘ग्लोब’ उभं राहिलं. त्यात शेक्सपिअरचा हिस्सा एक दशांश होता.

‘ग्लोब’मध्ये तीनेक हजार माणसं मावत. एक पेनी देणाऱ्यानं अंगणात उभं राहायचं, पाऊस आला तर भिजायचं. वर छप्पर नाही, दिवे नाहीत, खेळ भर दुपारी. स्त्रियांच्या भूमिका मुलगे करत. आपल्या संगीत रंगभूमीची परंपरा ठाऊक असणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही. खेळ जवळजवळ रोज बदलत असे, त्यामुळे तालमींना वेळ बेताचाच.

आणि आता सगळ्यात नवलाची गोष्ट. नटाच्या हातात अख्खं नाटक पडतच नसे. हातानं नक्कल करायला वेळ लागे, कागद महाग, आणि पूर्ण संहिता दुसऱ्या कंपनीच्या हाती लागण्याची भीती. म्हणून प्रत्येकाला फक्त स्वतःची भाषणं लिहिलेली एक लांब पट्टी मिळे. प्रत्येक भाषणाच्या आधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-चार शब्द, तेवढीच खूण. मध्ये कोण काय बोलतं, ते रंगमंचावरच कळणार. एडवर्ड अ‍ॅलन या त्या काळच्या मोठ्या नटाची अशी एक पट्टी लंडनमधल्या डलिच कॉलेजात जपून ठेवलेली आहे. नाटक रॉबर्ट ग्रीनचं, त्या कावळेवाल्या ग्रीनचं.

म्हणजे आज आपल्याकडे शेक्सपिअरची वाक्यं जशी सुटी सुटी येतात, तशीच ती पहिल्यांदा नटाच्या हातीही आली होती. फरक एवढाच की नटाला दुपारी रंगमंचावर उभं राहून त्या वाक्याचा अर्थ समोरच्या माणसाकडून वसूल करावा लागे. आपण तो वसूल न करताच वाक्य पुढे पाठवतो.

वाक्य परत तोंडात घालून पाहा

आता काही सुप्रसिद्ध वचनं त्यांच्या जागी नेऊन ठेवू.

कर्ज घेऊ नये, देऊ नये, आणि माणसानं स्वतःशी प्रामाणिक राहावं, हा उपदेश ‘हॅम्लेट’मधला. पॅरिसला निघालेल्या मुलाला, लेअर्टीझला, तो त्याचा बाप पोलोनियस करतो. वरवर पाहता आदर्श पिता. पण दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच हा पिता नोकराला पॅरिसला धाडतो. कशासाठी? मुलाच्या ओळखीच्यांत मिसळून, त्याच्याविषयी थोड्या खोट्यानाट्या कंड्या पिकवून, तो काय काय उद्योग करतो ते काढून घेण्यासाठी. प्रामाणिकपणाचं प्रवचन देणारा बाप आपल्याच मुलामागे हेर लावतो. थोडक्यात बोलण्याची थोरवी गाणारं प्रसिद्ध वाक्यही याच पोलोनियसचं. ते तो एका लांबलचक पाल्हाळात बोलतो, आणि शेवटी राणीला त्याला सांगावं लागतं की बाबा रे, मुद्द्यावर ये. पडद्याआड लपून दुसऱ्याचं बोलणं ऐकत असतानाच त्याचा अंत होतो.

कर्जाबद्दल खुद्द लेखकाचा व्यवहार काय होता? १६०४मध्ये शेक्सपिअरनं स्ट्रॅटफर्डच्या फिलिप रॉजर्स या औषधविक्रेत्यावर माल्टच्या उधारीसाठी दावा लावला. रक्कम दोन पौंडांहूनही कमी. आणि शेक्सपिअरच्या नावानं लिहिलेलं एकच पत्र आज उपलब्ध आहे. ते १५९८ सालचं, त्याच्या गावच्या रिचर्ड क्विनीचं. मागणं काय, तर तीस पौंड उसने. पत्र क्विनीच्याच कागदांत सापडलं, म्हणजे ते बहुधा धाडलंच गेलं नाही. पोलोनियसचा उपदेश लेखकाचा मानला तर हे कागद त्याला खोटं पाडतात. पात्राचा मानला तर सगळं जागच्या जागी बसतं.

दुसरं उदाहरण याहून झणझणीत आहे. पैशाची थैली चोरीला गेली तर कचरा गेला, पण माणसाचं नाव हिरावून घेणारा त्याला खरा कंगाल करतो, या आशयाचं वचन अब्रूच्या खटल्यांतही आळवलं जातं. ते बोलतो ‘ऑथेल्लो’मधला इयागो. शेक्सपिअरनं रंगवलेला सगळ्यात थंड डोक्याचा खलनायक. ज्या घटकेला तो चांगल्या नावाची महती गातो, त्याच घटकेला तो ऑथेल्लोच्या बायकोचं, डेस्डेमोनाचं, नाव मातीत घालतो आहे. गंमत पुढेच आहे. मागच्याच अंकात दारूच्या नशेत भांडण करून नोकरी घालवलेला कॅसिओ ‘माझी अब्रू गेली’ म्हणून रडत असतो. तेव्हा हाच इयागो त्याला सांगतो की अब्रू ही पोकळ गोष्ट आहे, लायकी नसताना मिळते आणि चूक नसताना जाते. एकाच तोंडातून अब्रूविषयी दोन विरुद्ध सिद्धान्त, दोन्ही तितकेच डौलदार. दोन माणसांना दोन जागी ढकलायचं होतं, म्हणून दोन सिद्धान्त. आपण त्यांतला एक उचलून चौकटीत बसवला.

जग ही रंगभूमी आणि माणसाच्या आयुष्याचे सात अंक, हे भाषण तर जगभरच्या शाळांत पाठ करून घेतलं जातं. ‘अ‍ॅज यू लाइक इट’मध्ये ते बोलतो जेक्विस, जंगलात येऊनही उदासच राहणारा एक चिकित्सक सरदार. त्याच्या मते शेवटचा अंक म्हणजे दात गेले, डोळे गेले, चव गेली, सगळंच गेलं. हे शब्द संपतात न संपतात तोच तरुण ऑरलँडो म्हाताऱ्या अ‍ॅडमला उचलून घेऊन प्रवेश करतो. ऐंशीच्या घरातल्या या नोकरानं आयुष्यभराची पुंजी मालकाच्या मुलाच्या हाती ठेवून त्याच्याबरोबर घर सोडलेलं आहे. म्हातारपण म्हणजे केवळ रितेपण, असं म्हणणाऱ्याच्या समोर लेखक एक भरलेला म्हातारा आणून उभा करतो. एका शब्दाचीही टीका न करता त्यानं जेक्विसचं भाषण खोडून काढलं. आख्यायिका अशी की अ‍ॅडमची भूमिका शेक्सपिअर स्वतः करत असे.

नावाला काय महत्त्व, असा सवाल करणारी ज्युलिएट त्या वेळी रात्री खिडकीशी एकटीच, निदान तिच्या समजुतीप्रमाणे, बोलत असते. तिला नाव पुसून टाकायचं आहे, कारण प्रेम शत्रूच्या घरातल्या मुलावर बसलं आहे. पुढचं सगळं नाटक तिला एकच उत्तर देतं: नावात फार काही असतं, त्यापायी माणसं मरतात. दयेची महती सांगणारी ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधली पोर्शिया पुरुष वकिलाच्या वेशात कोर्टात उभी असते. तिचं भाषण अप्रतिम आहे. पण डाव उलटल्यावर त्याच कोर्टात ज्यू सावकार शायलॉकची अर्धी मालमत्ता जाते आणि त्याला धर्म बदलायला लावलं जातं. दया कुठे गेली, हा प्रश्न प्रेक्षकानं विचारायचा. आणि आयुष्य म्हणजे रंगमंचावर घटकाभर मिरवून जाणारा बिचारा नट, हे म्हणतो मॅकबेथ. राज्यासाठी खून पाडत गेलेला, नुकतीच बायकोच्या मृत्यूची बातमी ऐकलेला. आयुष्याला काही अर्थ नसतो, हा त्याचा निष्कर्ष आहे. ज्यानं स्वतःच्या हातानं अर्थ संपवला, त्याला दुसरं काय दिसणार?

वाक्यं खुडणारे

मग ही वाक्यं सुटी केली कुणी? उत्तर अचंब्याचं आहे: त्याच्या हयातीतच सुरुवात झाली होती.

त्या काळच्या शाळांत मुलांना लॅटिन ग्रंथांतली वचनं विषयवार वहीत उतरवायला शिकवत. मैत्री, मृत्यू, राजा, पैसा, अशी खाती पाडायची आणि वाचता वाचता भरत जायची. वाचकांना ती सवयच लागलेली. हॅम्लेटही बापाच्या भुताची भेट झाल्याझाल्या वही काढून एक वचन टिपतो! छापणाऱ्यांनी ही सवय ओळखली. १६०३मध्ये ‘हॅम्लेट’ची पहिली छापील आवृत्ती आली, तेव्हा लेअर्टीझच्या बापाच्या उपदेशाच्या ओळींपुढे स्वल्पविरामांसारख्या खुणा छापलेल्या होत्या. अर्थ असा, की या ओळी वहीत उतरवण्याजोग्या. म्हणजे पोलोनियसचा उपदेश संदर्भातून खुडण्याची सोय पहिल्या आवृत्तीतच करून ठेवली होती. (त्या आवृत्तीत पात्राचं नाव कोरॅम्बिस आहे.) त्याआधी, १६०० सालीच, ‘इंग्लंड्स पार्नासस’ आणि ‘बेल्वेदेर’ असे दोन वेच्यांचे संग्रह निघाले आणि दोहोंतही शेक्सपिअर होता.

नाटकंच हरवली असती तर खुडायला काही उरलं नसतं. शेक्सपिअर गेला तेव्हा त्याची जवळजवळ निम्मी नाटकं छापलेली नव्हती. जॉन हेमिंजेस आणि हेन्री काँडेल या त्याच्या दोन सोबती नटांनी ती गोळा केली. मृत्युपत्रात त्यानं या दोघांना आणि रिचर्ड बर्बेजला अंगठ्या घ्यायला पैसे ठेवले होते. १६२३मध्ये ३६ नाटकांचा जाडजूड ‘फर्स्ट फोलिओ’ निघाला. त्यातली १८ नाटकं पहिल्यांदाच छापली जात होती. ‘मॅकबेथ’, ‘ज्युलिअस सीझर’, ‘ट्वेल्थ नाइट’, ‘अ‍ॅज यू लाइक इट’, ‘टेम्पेस्ट’ त्यांतलीच. मॅकबेथचं ते स्वगत आणि जेक्विसचे ते सात अंक या दोन नटांनी वाचवले.

आणि मग आला रेव्हरंड विल्यम डॉड. १७५२मध्ये या तरुणानं ‘द ब्यूटीज ऑफ शेक्सपिअर’ नावानं निवडक उताऱ्यांचं पुस्तक काढलं. ते पुढे अनेक पिढ्या छापलं जात राहिलं. तरुण गटेला शेक्सपिअरची गोडी याच पुस्तकानं लावली. नीतिवचनांचा हा संग्राहक पुढे नामवंत प्रवचनकार झाला, उधळपट्टीनं कर्जात बुडाला आणि आपल्या जुन्या शिष्याच्या, लॉर्ड चेस्टरफील्डच्या, नावानं ४,२०० पौंडांचा खोटा रोखा केल्याबद्दल पकडला गेला. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सननं त्याच्यासाठी रदबदली केली. उपयोग झाला नाही. २७ जून १७७७ रोजी डॉडला टायबर्नला फाशी झाली. प्रामाणिकपणावरच्या उत्तम ओळी वेचून काढलेल्या असणं आणि त्या अंगी लागणं यांत केवढं अंतर! पोलोनियस पाहिलेल्याला याचं आश्चर्य वाटू नये.

तुरुंगातला शेक्सपिअर

एवढं वाचून असं वाटेल की वाक्य संदर्भातून उचलणं हा गुन्हाच. तसं नाही. शेक्सपिअरच्या वाक्यांचं खरं नवल पुढेच आहे.

१८८२ साली कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा होऊन टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. त्या तुरुंगवासात आगरकर ‘हॅम्लेट’च्या अनुवादात गुंतले होते. तो ‘विकारविलसित’ या नावानं १८८३मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांचा हॅम्लेट महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. १९७०मध्ये शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ आला आणि लिअर राजाचं दुःख एका निवृत्त मराठी नटाच्या अंगात शिरलं. त्यातली स्वगतं आज एकपात्री स्पर्धांतून घुमतात. शाळकरी मुलं ती म्हणतात तेव्हा मुलांना सगळं देऊन रस्त्यावर आलेला म्हातारा त्यांच्या मागे उभा असतो, हे त्यांना दरवेळी ठाऊक असतंच असं नाही. तरीही शब्द टिकतात.

डोंगरीच्या कोठडीनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी दक्षिण आफ्रिकेच्या रॉबेन बेटावर दुसरा एक तुरुंग. वंशभेदी राजवटीचे कैदी तिथे होते. सनी वेंकटरत्नम या भारतीय वंशाच्या कैद्यानं शेक्सपिअरच्या समग्र नाटकांचं पुस्तक पहारेकऱ्यांपासून वाचवण्यासाठी एक युक्ती केली. देवादिकांची चित्रं असलेली दिवाळीची भेटकार्डं त्यानं पुस्तकाला चिकटवली आणि हा माझा धर्मग्रंथ आहे असं सांगितलं. पुस्तक वाचलं. मग ते कोठडी-कोठडीतून फिरलं. ज्याला जो उतारा आवडेल त्याला त्यानं खूण करायची आणि सही करायची. तीसहून अधिक कैद्यांनी सह्या केल्या.

वॉल्टर सिसुलूंनी निवडला शायलॉकचा उतारा: वर्षानुवर्षं अपमान सोसणं हीच आमच्या जमातीची खूण झाली, असं तो सांगतो तिथला. आणि १६ डिसेंबर १९७७ रोजी नेल्सन मंडेलांनी ‘ज्युलिअस सीझर’मधल्या एका उताऱ्यापुढे सही केली. भित्रा माणूस मरणाआधीच कितीदा तरी मरतो, शूराला मरण एकदाच भेटतं, असं तिथे सीझर म्हणतो.

आता हेही जागी नेऊन पाहू. हे शूर उद्गार काढल्यावर जरा वेळानं सीझर बायकोच्या आग्रहापुढे नमतो आणि आज सभेला जात नाही असं कबूल करतो. मग डेशिअस नावाचा कटवाला येतो, बायकोच्या अशुभ स्वप्नाचा गोड अर्थ लावून सीझरला फुगवतो, आणि सीझर निघतो, थेट खंजिरांकडे. नाटकातल्या सीझरला आपलं वाक्य पेललं नाही.

मंडेलांना पेललं. सही केली तेव्हा त्यांच्या तुरुंगवासाची पंधरा वर्षं झाली होती आणि आणखी बारा बाकी होती. फुशारकी मारणाऱ्याच्या तोंडचं वाक्य एका माणसानं स्वतःच्या आयुष्यानं खरं करून दाखवलं. रंगमंचासाठी लिहिलेल्या शब्दांचं हे सामर्थ्य आहे. ते कुणाच्या तरी तोंडी ठेवलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या कुणालाही ते आपल्या तोंडी घेता येतात. सुभाषितकार आपलं मत सांगून मोकळा होतो. शेक्सपिअर वाक्य लिहितो, ते बोलणाऱ्या माणसाच्या हाती देतो आणि बाजूला होतो. ते खरं की खोटं, हे बोलणारा कसा वागतो त्यावरून ठरतं.

आता उरला एक व्यवहाराचा प्रश्न. फोनवर रोज शेक्सपिअरच्या नावानं जे काही येतं, त्यातलं बरंच त्याच्या कुठल्याच पात्राचं नसतं. अपेक्षा हेच सगळ्या दुःखाचं मूळ, हे सुप्रसिद्ध ‘शेक्सपिअरवचन’ त्याच्या कोणत्याही नाटकात नाही. पाहताक्षणी प्रेमात पडलो आणि तुला ते ठाऊक होतं म्हणून तू हसलीस, हा लाडका मजकूर व्हर्दीच्या ‘फाल्स्टाफ’ या १८९३च्या ऑपेरातला आहे. शब्द अरिगो बोइतोचे. त्यातली पात्रं आणि कथानक शेक्सपिअरचं, हे वाक्य मात्र नाही.

तेव्हा पुढच्या वेळी त्याच्या नावाचं सुवचन आलं की पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा: हे कोण बोललं, कुणाला, आणि पुढे काय झालं? उत्तर शोधायला नाटक उघडावं लागेल. इंग्रजी जड वाटत असेल तर आगरकर आहेत, शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ म्हणजे ‘मॅकबेथ’ आहे, विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ आहे. एक तरी अख्खं वाचा.